प्रीतिभोजनातली चूळ

अण्णांनी चूळ भरली.

उपासना नुकतीच संपली होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घरानं आपापला डबा आणायचा, सगळे डबे लांब टेबलावर मांडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. पास्टर दर वेळी सांगायचे, या टेबलावर कुणाचा डबा कुणाचा नाही, सगळं प्रभूचं आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच डबा नेला होता. आंबाडीची भाजी. ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वरून लसणाची फोडणी. अण्णांनी ती दोनदा वाढून घेतली.

"भाजी लई झकास झाली," ते म्हणाले. "कुणी केली?"

मी पाण्याच्या जारपाशी उभी होते. म्हणाले, "म्या केली, अण्णा."

"तू?"

"हाव."

त्यांचा हात ताटात थांबला. चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी ताट कडेला सारलं, उठले, मोरीपाशी गेले, नळ सोडला. चूळ भरली. थुंकले. पुन्हा भरली. रुमालानं तोंड पुसत परत आले आणि पास्टरांना म्हणाले, "चला, शेवटची प्रार्थना घ्या."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. प्रार्थनेत अन्नाबद्दल प्रभूचे आभार मानले गेले. मी आमेन म्हणाले. डोळे उघडले तर माझा डबा टेबलावर नव्हता. शकुंतलाताईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, तो खाली चपलांजवळ नेऊन ठेवला होता. झाकण मात्र नीट लावलं होतं.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, पण खरंच काही झालं नाही. दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंगच माझं वाटत नव्हतं. डबा उचलला, जिना उतरले, खाली नवऱ्याचा ऑटो उभा होता, त्यात बसले.

नवरा मंडळीत येत नाही. पण दर रविवारी मला सोडतो आणि न्यायला येतो. घरी आल्यावर उरलेली भाजी त्यानंच खाल्ली. काय झालं ते मी सांगितलं, रेशनच्या दुकानात किती रांग होती हे सांगावं तशा आवाजात. तो खात खात म्हणाला, "म्हंजी तुझ्या प्रभूच्या घरालाबी मांगवाडा हाय म्हण की."

मी उठले. भांडी घासायला बसले.

मुखेडच्या पलीकडच्या एका गावात माझा जन्म झाला. मांगवाड्यात. बाप केरसुण्या बांधायचा. त्या केरसुण्या गावातल्या सगळ्या घरांत जायच्या, आम्ही अंगणापर्यंत. ते सगळं मी लहानपणी पाहिलं आणि लग्न होऊन लातूरला आले तेव्हा वाटलं, सुटले. इथं मी डाळ मिलमध्ये डाळ निवडते. खडे, साल, काळा दाणा वेगळा करायचा. दिवसभर भुस्सा नाकात. ही डाळ शहरातल्या कुठल्या कुठल्या घरात शिजते. ती खाऊन कुणी चूळ भरल्याचं मी अजून ऐकलं नाही.

मंडळीत मी गेले ते सरूबाईमुळे. सरूबाई आमच्या वस्तीतली म्हातारी. माझं दुसरं बाळ पोटातच गेलं, तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते. ती मला हाताला धरून घेऊन गेली. बाजारातला जिना चढून वर हॉल होता. खाली अण्णांचं दुकान, वर त्यांनीच दिलेली जागा. दारात शकुंतलाताई उभ्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, बाळाचं कळल्यावर मला मिठी मारली आणि माझ्या आधी त्याच रडल्या. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

अण्णा मोठ्या व्यापारी घरातले. मोठ्या आजारातून उठले आणि प्रभूकडे आले. साक्ष द्यायला उभे राहिले की हात वर करून म्हणायचे, "प्रभूनं माझी जात धुऊन टाकली." माझा त्यावर विश्वास बसला होता. का बसू नये? त्यांची जात गेली तर माझी आपोआप गेलीच, असा माझा हिशोब होता.

मंडळीनं मला सवयी लावल्या. पहाटे उठून गुडघ्यावर बसायचं. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. शुक्रवारी उपास. आणि रोज एक अध्याय वाचायचा, क्रमानं, मधला एकही न गाळता. पास्टर म्हणायचे, आवडतं तेवढंच वाचलं तर आपण देवाचं नाही, आपलंच ऐकतो. माझी शाळा लवकर सुटली होती. सुरुवातीला एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचायची, जोडाक्षर आलं की अडायची. हळूहळू जीभ सुटली. मिलमध्ये डाळ निवडताना सकाळचं वाचलेलं मनात घोळायचं. मुकादम ओरडला तरी आत काहीतरी शांत असायचं. मी वाढत होते. हे मला कळत होतं आणि त्याचा मला आनंद होता.

चूळ भरली त्याच्यानंतरच्या बुधवारी प्रार्थना आमच्या घरी होती. शकुंतलाताई आल्या. शेजारी बसल्या. माझा हात हातात घेतला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू मिलमधून थकून येतीस. सैंपाकाचा कशाला तरास? पुढच्या बारीपासून भाजी नको आणू. पत्रावळ्या आणत जा. पत्रावळ्याबी लागत्यातच की."

मी म्हणाले, "हाव, ताई."

त्यांनी माझा हात थोपटला. चहा मात्र घेतला नाही, पित्त झालंय म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही.

त्यानंतर कित्येक महिने मी पत्रावळ्या नेल्या. जिना चढायचा, गठ्ठा टेबलाच्या टोकाला ठेवायचा, गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या. पहाटे उठतच होते. गुडघ्यावर बसतच होते. पण प्रार्थनेत शब्द यायचे नाहीत. नुसती बसायची. देवावर रुसले होते असंही नाही. रुसायला आत कुणीतरी जागं असावं लागतं. सवय होती म्हणून बसत होते आणि सवय होती म्हणून वाचत होते.

त्याच काळात मला दिसायला लागलं. सरूबाई सतरंज्या अंथरायची. वस्तीतलाच दावीद पाण्याचे जार वर आणायचा. त्याची बायको शेवटी मोरी धुवायची. आम्ही सगळे काही ना काही करत होतो, सगळे सेवा म्हणून करत होतो, आणि आमच्यातल्या एकाच्याही चुलीवरचं त्या टेबलावर येत नव्हतं. मी सरूबाईला विचारलं, "तुम्ही कवा डबा आणला व्हता का?"

ती सतरंजीची घडी घालत म्हणाली, "आणला व्हता एकबार. मग ताईनं सतरंज्याचं काम देलं." आणि हसली. दात नसलेलं हसू. तिनं ते कधीच ओळखलं होतं. ओळखून घडी घालून ठेवून दिलं होतं.

मग एका पहाटे वाचता वाचता तो अध्याय आला. मी शोधत गेले नव्हते, क्रमानं आला. त्यात एक मोठा शिष्य आहे, प्रभूच्या अगदी जवळचा. तो परक्या लोकांच्या पंगतीला बसून जेवायचा. पण त्याच्याच समाजातली प्रतिष्ठित माणसं आली की त्यांच्या भीतीनं उठून वेगळा बसायचा. तेव्हा दुसऱ्या शिष्यानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. कोपऱ्यात घेऊन नाही. सगळ्यांसमोर.

मी ते पुन्हा वाचलं. इतक्या रविवारी इतकी प्रवचनं ऐकली, यावर एकही ऐकलं नव्हतं. नवरा उठला, म्हणाला, "चहा ठिवतीस का?" मी चहा ठेवला. पातेलं उतरवताना बोटांना चटका बसला. किती दिवसांनी मला माझे हात जाणवले.

आधी मी पास्टरांकडे गेले. उगाच सभेत तमाशा नको, असं मलाही वाटत होतं. सगळं सांगितलं. त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही. मग म्हणाले, "बहीण, हॉल त्यांचा आहे. हॉल गेला तर मंडळी कुठं भरवायची? तुम्ही प्रार्थनेत मोठ्या आहात. क्षमा करा."

"केली," मी म्हणाले. "पर माझा डबा?"

त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले.

पहिला रविवार आला. मी पहाटे उठून आंबाडीची भाजी आणि भाकरी केल्या. नवऱ्यानं डबा बघितला. म्हणाला, "आज काय करायलीस तू?"

"प्रीतिभोजन हाय."

"मी खालीच थांबतो," तो म्हणाला. "भाड्याला जात न्हाई आज."

आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि प्रभूनं काय केलं ते सांगायचं. साक्ष मधेच तोडायची नाही, असा नियम आहे. लोक फक्त प्रत्येक वाक्याला आमेन म्हणतात. मी उभी राहिले.

"प्रभूची स्तुती असो," मी म्हणाले.

"आमेन."

"प्रभूनं मला रोज वाचायची सवय लावली."

"आमेन."

"मागं एका पहिल्या रविवारी मी भाजी आणली व्हती. अण्णांनी दोनदा वाढून घेतली."

"आमेन."

"ती माझ्या हातची हाय हे कळलं आन् अण्णांनी उठून चूळ भरली."

"आमेन!"

सगळा हॉल म्हणाला. अण्णाही म्हणाले. डोळे मिटलेले, हात वर, नेहमीसारखे. मग ऐकलेलं एकेकाच्या डोक्यात पोचत गेलं. एकेक हात खाली आला. अण्णांचा सगळ्यात शेवटी. 

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. म्हणाले, "सरूबाई सतरंज्या टाकती. दावीद पाणी आणतो. त्याची बायको मोरी धुती. म्या पत्रावळ्या आणते. आमच्या हातची सेवा चालती. आमच्या हातचं खाणं चालत न्हाई. हे कुणी ठरवलं? प्रभूनं तर न्हाई ठरवलं."

अण्णा उठले. "ही साक्ष न्हाई. हे भांडण हाय. बसवा तिला."

"साक्ष मधीच तोडायची न्हाई," मी म्हणाले. "पास्टर, तुम्हीच शिकवलं."

पास्टर उभेही राहिले नाहीत आणि मला बसाही म्हणाले नाहीत. मी माझं संपवलं. आमेन माझं मीच म्हणाले.

मग जेवण झालं. झालं म्हणजे डबे मांडले गेले. माझा मी मधोमध ठेवला, झाकण काढून. सरूबाई आली आणि तिनं वाढून घेतलं. दावीद आला, त्याची बायको आली. बाकीचे टेबलाला वळसा घालून जात राहिले. शकुंतलाताई आल्या. माझ्या डब्यासमोर थांबल्या. चमचा उचलला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. मागून अण्णांनी हाक मारली, "शकुंतला." त्यांनी चमचा खाली ठेवला. हळूच ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

त्या चमच्याचं मला जे दुखलं ते अण्णांचं कधी दुखलं नाही. रात्रभर रडले. बरं वाटलं, रडता येतंय हे बघून.

मंडळीच्या कमिटीचा निरोप पास्टर घेऊन आले. मंडळीसमोर माफी मागायची. तोवर उपासनेतलं प्रभुभोजन मिळणार नाही, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर नाही, प्याला नाही. सरूबाई घाबरली. म्हणाली, "माग बाई माफी. आपुन कुठं जावावं मग?" दावीद म्हणाला, वस्तीत पत्र्याचं शेड टाकू, आपली वेगळी मंडळी काढू. नवराही त्याच्या बाजूनं झाला.

मी तिघांनाही नाही म्हणाले. वेगळी मंडळी म्हणजे वेगळी वस्ती. गावाबाहेर आम्हाला एकदा बसवलं गेलं. आता प्रभूच्या नावानं माझी मीच जाऊन बसू का?

मी माफी मागणार नाही. मंडळी सोडणार नाही. पहाटे उठणं, वाचणं, गुडघ्यावर बसणं सोडणार नाही. ते आता माझं आहे, अण्णांच्या हॉलचं नाही. दर रविवारी जाईन, पुढच्या ओळीत बसेन. पत्रावळ्या कुणीही आणाव्यात, मी आणणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सैंपाक करून नेईन. कुणी खाल्लं नाही तर तिथंच बसून मी जेवेन.

पास्टर अजून म्हणतात, बहीण, क्षमा करा. क्षमा मी केलेली आहे. ज्याला ती हवी आहे, त्यानं माझ्या ताटात जेवून घ्यावी.