वारा, बॅटरी आणि संगीता

संगीता भोईर ऑफिसात आली की आधी खिडकी उघडायची आणि आभाळाकडे बघत म्हणायची, "चला, आजचं गिऱ्हाईक कोणत्या मूडमध्ये आहे बघू." मला ते नाटकी वाटायचं. आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो, डिग्री एकच, वयही जवळपास एकच. ती बदलापूरच्या बेलवलीची, मी अंबरनाथची.

आमचं ऑफिस अंबरनाथ पश्चिमेला. सोलर आणि पवनचक्क्यांचे मालक उद्याची वीज आजच बाजारात विकतात. उद्या ऊन किती, वारा किती, हे आम्ही सांगायचं. कबूल केलेली वीज देता आली नाही, तर दंड. "वारा म्हणजे पाहुणा गं," संगीता म्हणायची. "येणार असं धरून स्वयंपाक करायचा, पण पिठल्याचीही सोय ठेवायची." तिचं पिठलं म्हणजे बॅटरीत साठवून ठेवलेली वीज. नवी मुलं ही वाक्यं एकमेकांना ऐकवायची. माझं एकही वाक्य कुणी ऐकवलं नाही.

एकदा दुपारी बाजारात भाव चढले. बॅटरीतली वीज आत्ताच विकून टाकू, असं मी सुचवलं. माझ्या गणितात वारा रात्रभर टिकत होता. आमचे मालक लालवानीसाहेब उल्हासनगर कॅम्प एकचे, व्यापारी माणूस. त्यांना पटलं.

"साहेब, संध्याकाळी सोलर बंद, घरोघरी दिवे चालू," संगीता म्हणाली. "नेमका तेव्हाच वारा पडला तर?"

"पडेगा क्या?"

"खात्री नाही. म्हणूनच ठेवू या."

ठेवली. दिवेलागणीला साताऱ्याच्या पठारावरचा वारा पडला, आणि कबूल केलेली वीज बॅटरीतून गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसाठी दाल-पकवान आणलं. "भोईर मॅडमने बचा लिया." मीही टाळ्या वाजवल्या. माझं पकवान मात्र कागदात गुंडाळून ठेवून दिलं.

पुढे तिला दिल्लीची मोठी नोकरी मिळाली. मीही अर्ज केला होता, हे तिला माहीत नव्हतं. निरोपाच्या दिवशी ती माझ्याकडे बोट दाखवत सगळ्यांसमोर म्हणाली, "मला नीताचा फार हेवा वाटायचा. अंदाज चुकला तरी ही दुसऱ्या दिवशी ताजीतवानी. मला झोप लागायची नाही."

सगळे हसले, मीही हसले. इतकी वर्षं जे मी कुणाला कळू दिलं नव्हतं, ते तिने चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. हेवा करण्यातसुद्धा ती माझ्यापेक्षा सरस निघाली.