नाटक बायकोचं

तिचं बायकांचं केस कापायचं दुकान होतं आणि तोंडाचा पट्टा कात्रीच्या वरताण चालायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कामापुरतं बोलायचा. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की तो ऑटिस्टिक आहे. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन छान झोप काढली. ती मात्र तेव्हापासून त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायला लागली.

एके दिवशी नणंद नाटकाची दोन तिकिटं घेऊन आली. ऑटिस्टिक माणसाच्या संसारावरचं नाटक होतं. नणंद स्वतः ते पाहून दोन रुमाल भिजवून आली होती. दादाला घेऊन जाच वहिनी, म्हणाली. वहिनीला नको नको ते सुचायला लागलं. टाळ्यांचा कडकडाट त्याला सोसत नाही, अनोळखी अत्तरांनी डोकं उठतं, आणि स्टेजवर स्वतःलाच बघून तो दुखावला तर? त्यानं फक्त खुर्च्या कडेच्या आहेत का, एवढंच विचारलं. होत्या. मग कामावरचे, आवाज अडवणारे हेडफोन गळ्यात अडकवून तो निघाला.

पडदा उघडला. स्टेजवरचा नवरा कपाटात कप लावत होता. बायको पाठीशी उभी राहून हुंदके देत होती.

"माझ्यासाठी तुझ्याकडे एकही शब्द नाही?" तिनं विचारलं.

"आहे. सरक. कपाटाचं दार लागत नाहीये."

सगळं नाट्यगृह मुसमुसलं, आणि हा खदखदून हसला. पुढचे गृहस्थ मान वळवून असे बघायला लागले, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून आणखी एक हसू आलं, उचकी लागल्यासारखं, बाईचं. ते ऐकून हा पुन्हा हसला. स्टेजवरचा नट क्षणभर थांबला. एवढ्या प्रयोगांत कुणीतरी हसावं म्हणून तो वाट बघत होता की काय, कोण जाणे. पुढच्या वाक्याला त्यानं असं काही तोंड केलं, की पुढचे गृहस्थही फिसकन हसले.

मध्यंतरात तिनं विचारलं, एवढं हसण्यासारखं काय होतं?

"तो बरोबर बोलला. ती मध्येच उभी होती." मग जरा विचार करून म्हणाला, "हे नाटक बायकोचं आहे. त्या बिचारीला रडण्याशिवाय काम नाही. तू असलीस की मजा असते."

 तिचे डोळे भरून आले, आणि ते रडणं आहे असं त्याला वाटू नये म्हणून ती घाईनं हसली.

एवढ्यात बाल्कनीतली बाई आपल्या बहिणीला ओढत खाली आली. हसलात ते तुम्हीच ना, असं तिनं थेट विचारलं. तीही त्याच्यासारखीच. दोघं शेजारी उभी राहिली, एकमेकांकडे न बघता, आणि नाट्यगृहाच्या लिफ्टचं दार का कुरकुरतं, यावर त्यांच्या मनसोक्त गप्पा रंगल्या. बायको आणि ती बहीण चौघांचे चहाचे कप सांभाळत बाजूला उभ्या होत्या. बहीण हळूच म्हणाली, हिला मी इतकं बोलताना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

घरी जाताना त्यानं पुढच्या रविवारची तिकिटं काढायची म्हटलं.

"तेच नाटक? परत?"

"तू पाहिलंच नाहीस. सारखी माझ्याकडे बघत होतीस. मी काय, घरीही दिसतो."

भर रस्त्यात तिला हसू आवरेना. विजेच्या खांबाला धरून ती हसत राहिली, आणि तो तिची पर्स धरून थांबला.

पुढच्या रविवारी ती खुर्चीत पुढे सरकून, हनुवटी तळव्यावर टेकवून नाटक बघत बसली. नाटक तिला ठीकच वाटलं. त्या बायकोचा अंबाडा मात्र अजिबात आवडला नाही.