आबांचा पांजरपोळ

दारात कुणी म्हातारी गाय आणून उभी केली की आबा आधी तिच्या मानेखाली खाजवायचे आणि मगच मालकाला म्हणायचे, "बांध भाऊ, जागा शे." खरोखरच जागा आहे का, हे मागे वळून बघायचे नाहीत.

धरणगावकडच्या आमच्या गावात म्हातारी, लंगडी, आटलेली ढोरं सांभाळणारा पांजरपोळ होता. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत आबा तिथले राखणदार. आमचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे आम्हाला जाग यायची ती हंबरण्यानेच.

गंमत अशी, की मरायला आणलेल्या गाई आबांच्या हाताला लागून धडधाकट व्हायच्या आणि व्यायला लागायच्या. वळू वेगळे बांधा, असं देणगीदार शेठजी कितीदा तरी बजावत. "आबा, हे शेवटच्या दिवसांचं ठिकाण आहे, बाळंतिणीची खोली नाही!" आबा हसून त्यांच्याच हातावर वासराच्या जन्माचा गूळ ठेवत. आत ढोरं वाढत गेली; कडब्याची गंजी मात्र दरवर्षी तेवढीच यायची.

मग एक वर्ष पावसाने पाठ फिरवली. गावोगावची ढोरं दारात येऊ लागली. आबा प्रत्येकाला आत घेत आणि सगळ्यांच्याच पेंढ्या आणखी बारीक करत. "बठ्ठासले सारखं," सगळ्यांना एकसारखं, हा त्यांचा हट्ट. सगळीच एकदम खंगू लागली. न राहवून मी म्हणालो, "आबा, थोड्यांना तरी पोटभर घाला. निम्मी तरी जगतील."

त्यांनी मला आत नेलं. वैरण आली असं वाटून ढोरांनी माझ्याकडे माना वळवल्या.

"कोनले उपाशी ठेवू? तू बोट दखाड."

मला नाही दाखवता आलं. तुम्हाला आलं असतं का?

पाऊस आला तेव्हा मोजकीच उरली होती. त्यांनी कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं आणि पोट फुगून तीही गेली. आबा प्रत्येकीपाशी बसून राहिले. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

शेणखत मुरलेल्या त्या रिकाम्या आवारात श्रावणात कमरेएवढं गवत माजलं. आबा ते कापत, भारा डोक्यावर घेत आणि घरोघर फिरत. गावात ते खाणारं ढोर फारसं कुठे उरलं नव्हतं. एक दिवस आमच्या दारात उभे राहून त्यांनी माझ्या आईला विचारलं, "अक्का, तुमना घरमा ढोर शे का?"

आमच्याकडे कधीच गाय नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईने भारा उतरवून घेतला.