लाटणी थांबली तेव्हा

मी उद्याच्या जगाच्या गोष्टी लिहितो. यंत्रांनी माणसांना एका साच्यात घातलेल्या शहरांच्या, वाचणाऱ्याची झोप उडावी अशा. पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांत बसून मी जगाचा सत्यानाश करतो म्हणून बायको हसते. हसू दे.

छापायला देण्याआधी गोष्ट पारोळ्याला अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, वाचून दाखवायची हा माझा नेम. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया तिच्या ओसरीवर उडदाचे पापड लाटायला बसतात आणि मी खांबाला टेकून वाचतो. दाद वगैरे कुणी देत नाही. गोष्ट जमली की लाटणी थांबतात, नाही जमली की चालू राहतात. इतके सच्चे समीक्षक मला अख्ख्या जिल्ह्यात मिळाले नाहीत.

यंदाची गोष्ट अशी: एका शहरात सरकारने सगळ्यांना एकच आवाज बसवलाय, चेहरे झाकलेत. एक आई आपल्या मुलाला शोधत निघते. शेवटी मुलगा तिच्या शेजारून जातो आणि तिला कळतही नाही. चूल, अंगण, रांजण हे माझं नेहमीचं सामान या वेळी मी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. त्याचा मला वीट आला होता. माणसाने जन्मभर तेच ते लिहायचं की काय?

मग मला खुमखुमी आली. फोनमधल्या त्या लिहिणाऱ्या यंत्राला मी माझ्या जुन्या गोष्टी दिल्या, हे कथानक सांगितलं आणि म्हटलं, माझ्यासारखं लिहून दाखव. चहाला उकळी येईतो गोष्ट तयार! त्यातली आई दारात उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य म्हणते, “आधी पाय धू.” सगळे गोंधळतात. एक जण मात्र न बोलता रांजणाकडे वळतो.

ते आमच्या आईचं वाक्य. कधीकाळी एका गोष्टीत मी ते घातलं होतं आणि साफ विसरून गेलो होतो. मी विसरलो ते त्याच्या ध्यानात होतं. आता माझ्यात माझं असं काय उरलं, या विचाराने मला धड जेवण जाईना. एकच धीर होता, अक्का. तिने मला कडेवर वागवलंय. ती फसायची नाही.

दोन्ही गोष्टी घेऊन पारोळा गाठला. बायांना सांगितलं, एक माझी, एक यंत्राची. कोणती माझी ते ओळखा.

आधी माझी वाचली. लाटणी चालू राहिली. मध्येच एकीने तेलाची वाटी मागितली. तरी मी शेवटपर्यंत रेटलं. मग दुसरी वाचायला घेतली. “आधी पाय धू” आलं आणि ओसरीवरची बठ्ठी, एकूणएक लाटणी थांबली. अक्काने डोळ्यांना पदर लावला.

शेजारची म्हातारी म्हणाली, “मानूस रडना म्हंजे मानूसनीच लिखेल शे.”

मी अक्काकडे पाहिलं. मनात म्हणत होतो, तू तरी नाही म्हण.

“हाई तुनी,” अक्का म्हणाली. “माय आसंच बोले ना भाऊ! ती पहिली मशीननी. तिनामा जीवच नई.”

“नक्की, अक्का?”

“मी नई ओळखसू तुले तं कोन ओळखी?”

काय सांगणार होतो? की ज्यात जीव नाही तो मी आहे? तिचा चेहरा इतका उजळला होता, आणि मला तर इतकी भीती वाटत होती, की तोंडून निघून गेलं, “बरोबर ओळखलंस.”

तिने पापडाच्या पिठाची एक लाटी तेलात बुडवली, लहानपणी भरवायची तशी माझ्या तोंडाशी धरली आणि लाडाने, ‘आधी पाय धू’ लिहिणाऱ्या त्या दुसऱ्याला भरवली.