बेचाळीसपैकी नऊ

संयोगिताने संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. पुढे लग्न झालं, कडेगावला आली आणि पदवी कपाटात गेली. मुलगी शिवांजली शाळेच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून खेळू लागली, तेव्हा ते शिक्षण पहिल्यांदा कामाला आलं. सामना असला की ती कडेला वही घेऊन बसायची. पोरीने बास्केटकडे चेंडू फेकला की एक रेघ, आत गेला की रेघेवर गोल. चार सामन्यांत बेचाळीस रेघा झाल्या. गोल नऊ.

रविवारी नवऱ्याचा, हंबीररावांचा, सीमेवरून फोन यायचा. ते सुभेदार, फायरिंग रेंजवर पोरांचे नेम तपासण्यात वीस वर्षं गेलेली.

"किती गेले?"

"बेचाळीसपैकी नऊ."

"आरं द्येवा! माझ्या पलटणीत असती तर रायफल काढून हातात लाटणं दिलं असतं." ते हसले. फोन स्पीकरवर होता. "अंजे, ऐकतीस न्हवं? नेम बसल्याबिगर ट्रिगर दाबायचा न्हाई. गोळी फुकट घालवायची न्हाई."

"व्हय, आप्पा," पोर म्हणाली. हसली नाही.

संयोगिताला तेव्हाच बोलता आलं असतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या बेचाळीस फेकींवरून काही ठरत नसतं, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण त्या नऊची तिलाच लाज वाटत होती.

पुढच्या सामन्यात सहापैकी तीन. मग चारपैकी दोन. मग दोनपैकी दोन. हंबीरराव खूश, संयोगिताही खूश. रेघा का कमी होतायत, हे तिने पाहिलंच नाही. ती टक्के काढत होती.

साताऱ्याला निवासी शिबिराची निवड होती. त्यासाठी शिवांजली वर्षभर पहाटे उठून पळत होती. संयोगिताने वही मुद्दाम सोबत नेली. निवड करणाऱ्या सोपान सरांनी पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं.

"ताई, आधी ही बेचाळीस वेळा टाकत होती?"

"हो, पण आत नऊच..."

"मला तीच पोरगी पाहिजे होती. नेम शिकवता येतो. आज हिला पाच वेळा मोकळी जागा मिळाली, पाचही वेळा चेंडू दुसरीला देऊन टाकला. टाकायचीच भीती बसलीय. ती मी कशी काढू?"

यादीत नाव नव्हतं.

घरी येताच संयोगिताने वही फाडून बंबात घातली. मागच्या भिंतीवरच्या रिंगखाली शिवांजली चेंडू घेऊन उभी होती, कितीतरी वेळ नुसतीच.

"टाक गं. शंभर चुकू देत. मी आता मोजत नाही."

"मी मोजते ना," शिवांजली म्हणाली. तिने चेंडू भिंतीशी ठेवला आणि पाय धुवायला गेली.

संयोगिता दारातच उभी राहिली. बंबातून अजून कागदाचा धूर येत होता.