गिऱ्हाणातलं पाणी

सिंधुबाई आमच्या दूध सोसायटीची सचिव. बुद्धवाड्यातली, सातवी शिकलेली आन् तोंडाची लई फटकळ. दुधात पाणी सापडलं तर सरपंचाचंबी कॅन माघारी धाडायची!

बायकांच्या साक्षरता वर्गातबी तीच शिकवायची. सूर्य तारा हाय, पृथ्वी ग्रह, चंद्र पृथ्वीचा उपग्रह. मी म्हणायची, "अगं बाई, हितं घोटभर पाणी न्हाई, आन् तू आभाळाचं काय घेऊन बसलीस?"

"इमल, मान वर केल्याबिगर ढग तरी दिसंल का तुला?" असं ती म्हणली की सगळ्या बाया हसायच्या.

त्या दुष्काळात पाटोद्याहून चार-चार दिवसांनी टँकर यायचा. एकदा सकाळी टँकर आला आन् त्याच दुपारी सूर्याला गिऱ्हाण लागलं. गिऱ्हाण सुटलं की घरातलं पाणी वतून द्यायचं, ही आमची रीत. तुळशीचं पान टाकलं तर चालतं, पण तुळशीच वाळून गेलत्या. माझे सासरे तात्याबा गावातले जाणते. गिऱ्हाण सुटताच म्हणले, "रांजण पालथे करा." घरात दोन लेकरं, आन् पुढलं पाणी चार दिवसांनी!

मी पळतच सोसायटीत गेले. सिंधुबाई हातातल्या कॅनच्या झाकणासकट माझ्यासंगं निघाली. आमच्या दारात सगळी गल्ली जमलेली. तिनं झाकण उन्हात धरून मामंजींच्या तोंडावर सावली पाडली.

"तात्या, गिऱ्हाण म्हंजी इतकंच. चंद्र मधी आला, त्याची सावली पृथ्वीवर पडली."

"सावली पडली म्हंजी बाटलंच की!"

"मग म्हशीबी त्याच सावलीत हुत्या. कासेतलं दूध आज सोसायटीत घालू नका."

मामंजींच्या चार म्हशी! लोक पोट धरून हसले.

सिंधुबाई हसली न्हाई. "माझ्या आज्याची सावली पडली म्हणून याच दारात रांजण वतला हुता. तुमी ल्हान हुता, पर बघितलं असंल. खरं सांगा तात्या, बाटलं हुतं का ते पाणी?"

मला लई लाज वाटली, आन् तिचा तितकाच अभिमान वाटला.

"न्हाई, बाई. न्हवतं बाटलं," मामंजी म्हणले. मग माझ्याकडं वळले. "इमल, तांब्या दे तिच्या हातात."

तिच्या घरच्या कुणी आजवर न शिवलेल्या रांजणात सिंधुबाईनं तांब्या बुडवला, आन् मामंजींनी वाकून ओंजळ पुढं केली.