विट्याचा गुराखी, आल्गॉयचा कवी

फोन आला तेव्हा मी इंगोलश्टाटच्या ऑफिसात ब्रेकच्या सॉफ्टवेअरवरून दोघांशी भांडत होते. स्क्रीनवर रेनाटे मामीचं नाव दिसलं आणि मी फोन कट केला. जुलैतल्या कामाच्या दिवशी मामी फोन करते ती चीज न्यायला कधी येतेस हे विचारायला, असं मी धरून चालले. भांडण जिंकले, कॉफी घेतली आणि मग सावकाश फोन लावला. "शंकर सकाळी गेला," मामी म्हणाली. "गुरं मोजायला कुरणावर गेला होता, तिथंच, पाण्याच्या डोणीला टेकून..."   मग म्हणाली, "त्याची मोजणी अर्धी राहिली होती. मी पूर्ण केली. सगळी आहेत." नवरा जाऊन तीन तास झालेली बाई मला हे सांगत होती. तिला रडायला का येत नाही, असं क्षणभर मनात आलं. आता दोन महिन्यांनी लिहायला बसल्यावर कळतंय की शंकरमामांची बायको दुसरं काही बोलूच शकली नसती.

शंकरमामा माझ्या आईचे मावसभाऊ. विट्याजवळच्या खेड्यात म्हशी राखत शाळा शिकले, पुढं पुण्याला फिजिक्स केलं आणि भिंगांवर संशोधन करायला जर्मनीत येनाला आले. घराण्यातला परदेशी गेलेला पहिला माणूस! पेढे वाटले गेले, पेपरात फोटो आला. दुसऱ्या उन्हाळ्यात हे गृहस्थ सुट्टीला दक्षिणेत आल्गॉयच्या डोंगरात फिरायला गेले. तिथं एका तरुण बाईची कालवड तार तोडून पळाली होती. मामांनी ती धरून आणून दिली. बाईनं ताक पाजलं. ती बाई म्हणजे रेनाटे मामी. येनाची भिंगं त्यानंतर जेमतेम वर्षभर टिकली. घरी कळलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी पत्राला उत्तरच दिलं नाही. "शिकून-सवरून गुरंच राखायची होती, तर विट्यात काय गुरांचा दुष्काळ पडला होता?" हे त्यांचं वाक्य आमच्याकडं अजूनही म्हणीसारखं वापरलं जातं. लग्नाकार्यात मामांचा विषय निघाला की 'आपला काउबॉय' म्हणून सगळे हसायचे. मीही हसलेली आहे. मामांच्या कानावर हे नाव गेलंच होतं. त्यांनी ते आनंदानं स्वीकारलं आणि कवितांखाली सही म्हणून वापरायला लागले. "फक्त काउबॉयला घोडा असतो गं," ते म्हणायचे. "मला दोन गुडघे. त्यातला एक रजेवर."

आठ वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी इंगोलश्टाटला आले तेव्हा त्यांना मी एकदाच, लहानपणी पाहिलेलं होतं. नवरा पुण्यात अडकलेला, लेक ईरा वर्षाची, आणि मला अनमेल्डुंगची अपॉइंटमेंट मिळेना, म्हणजे साधी पत्त्याची नोंदणी होईना. आईनं कळवलं असावं. एका सकाळी दारात धोतराच्या रंगाची दाढी असलेला माणूस उभा, खांद्यावरच्या पिशवीत चीजचं अख्खं चाक. तीन गाड्या बदलून आले होते. दिवसभर माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले आणि खिडकीपलीकडच्या बाईशी तिच्या आजोळच्या गाईंबद्दल असं काही बोलत सुटले की आमचा कागद हसतहसत मिळाला. निघताना म्हणाले, "कंटाळा आला की वर ये. तिथं अपॉइंटमेंट लागत नाही."

मग आम्ही दर जुलैत वर जायला लागलो. खालच्या खोऱ्यातले शेतकरी जूनमध्ये आपापल्या कालवडी डोंगरावर पाठवतात आणि सप्टेंबरपर्यंत त्या मामा-मामींच्या ताब्यात. लाकडी खोपटं, चूल, बाहेर डोण, आणि चारी बाजूंना घंटांचा आवाज. मामा रोज सकाळी काठी टेकत निघायचे आणि एकेका कालवडीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. लांबून नजरेनं मोजणं त्यांना मान्य नव्हतं. "नजर चुकते, हात चुकत नाही." हात ठेवला की तिच्यासाठी काहीतरी म्हणायचे. तीच त्यांची कविता. आमच्याकडं बायका जात्यावर म्हणायच्या त्या चालीत, दोन ओळी, मराठीत. संध्याकाळी वहीत उतरवायचे आणि मामीसाठी खाली जर्मनमध्ये. प्रत्येक पानावर कालवडीचं नाव, धन्याचं नाव आणि कविता. खोडकर कालवडीची चेष्टा, आजारीची विचारपूस, नव्या आलेलीची समजूत. माणसांवर कविता करा म्हटलं तर टाळायचे. "माणसं स्वतःवर पुरेशी करतात." तरी एकदा माझ्यावर केलीच, मी गाडी घेऊन वर निघाले आणि वाटेत एक कालवड आडवी बसलेली, तेव्हाची:

इंगोलश्टाटची भाची आली, चार चाकांची राणी
गाय बसली वाटेमध्ये, रिव्हर्स घालतंय का कोणी?

ही कविता ईराला पाठ आहे. एरवी ती माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, पण मला चिडवायचं असलं की मराठी बरोबर आठवतं.

आता गेल्या वर्षीचं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला अजून ओशाळवाणं वाटतं. सप्टेंबरच्या मध्यावर गुरं खाली उतरतात, तो खोऱ्याचा सण. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नसेल तर कळपाच्या पुढच्या कालवडीच्या डोक्यावर फुलांचा मोठा मुकुट असतो. एक जरी गेलं तरी मुकुट नाही. लोक लांबूनच बघतात आणि समजतात. गुराख्याची वर्षाची परीक्षा म्हणा ना! आम्ही नेहमी जुलैत जायचो, त्यामुळं हे मला ऐकूनच ठाऊक होतं. गेल्या वर्षी मात्र उतरणीच्या आधी चार दिवस गेलो. पोळा नुकताच झाला होता, माझ्या डोक्यात तेच. म्युनिकच्या दुकानातून झेंडूच्या माळा नेल्या, खऱ्या फुलांच्या, भरमसाट भावाच्या. सगळ्यात देखणी कालवड गाठली, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात माळ घातली आणि ईराला शेजारी उभं करून फोटो काढायला लागले. मामी डोणीवरून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेवटच्या सकाळच्या आधी जनावराच्या अंगाला फूल लावायचं नसतं. 'परत आलो' असं आधीच म्हटल्यासारखं होतं ते. मुकुटाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. मी माळ काढली, माफी मागितली. मामा म्हणाले, "जाऊ दे, आमच्या देशात जनावराला सजवायला मुहूर्त लागत नाही," आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि एक कालवड कड्यावरून घसरून मेली. माळ घातलेली नव्हे, दुसरीच. पण मला काय समजायचं ते मी समजले. मी इंजिनियर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि तरीही त्या दिवशी मला घास गिळवला नाही.

ती कालवड आलोईसची होती. आलोईस म्हणजे ज्या शेतकऱ्यांची गुरं वर येतात त्यांचा म्होरक्या, पंच्याहत्तरीचा, लाकडाच्या ओंडक्यासारखा माणूस. तो वर आला, मेलेल्या जनावराजवळ उभा राहिला आणि मामांना म्हणाला, "शंकर, ही माझी होती. मी ऑगस्टमध्येच विकली असं सांगीन. कुणी विचारणार नाही. मुकुट घाल." मित्रासाठी केलेली गोष्ट होती ती. मी मनातल्या मनात हात जोडले की मामा हो म्हणू देत. मामांनी मान हलवली. "जितकी वर आली तितकी खाली गेली तरच फुलं," ते म्हणाले. "तिला विकली म्हटलं, तर ती इथं आलीच नव्हती असं होईल." बस्स, एवढंच. दोन दिवसांनी कळप उघड्या डोक्यानं उतरला, मामा मेलेल्या कालवडीची घंटा हातात घेऊन पुढं चालत होते. दुपारी मांडवात, बिअरचे पेले आणि बँड चालू असताना, ते बाकावर चढले आणि आधी मराठीत, मग त्या लोकांच्या बोलीत म्हणाले:

पाय निसटला तुझा, बाई, हाक माझी पडली थिटी
काय सांगू घरधन्याला, घंटा तेवढी माझ्या मुठी

बँड थांबला. आलोईस रडला, मी प्रत्यक्ष पाहिलं. तोपर्यंत मामा त्यांच्यासाठी गमतीचे भारतीय गृहस्थ होते, त्या दिवसापासून कवी झाले. माझ्यासाठीही, हे कबूल केलं पाहिजे. आज त्यांच्या सतरा वह्या माझ्या टेबलावर आहेत. रविवारी मी मामीला फोनवर जर्मन वाचून दाखवते आणि मराठी टाइप करते. कुठल्या कालवडीला काय वाटत होतं हे मला आता माझ्या टीमपेक्षा जास्त ठाऊक आहे.

तर यंदा... यंदा मला मुकुट हवा होता. मामांना हवा होता की नाही, ते बोलणार नव्हतेच. पण माझ्या माळेपायी त्यांचा एक सप्टेंबर हुकला, हे माझ्या मनातून जाईना. ते गेल्यावर तर जास्तच. राहिलेले आठवडे मामीनं एकटीनं कळप सांभाळला. रोज हात ठेवून मोजला. एकही कालवड दगावली नाही. उतरणीच्या दोन दिवस आधी मी रजा काढून वर गेले. कोपऱ्यात टोपलीत देवदाराच्या डहाळ्या आणि डोंगरातली फुलं ओल्या फडक्याखाली होती. मामी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. एवढं मी शिकले होते.

शेवटच्या सकाळी आलोईस आला. टोपी काढून टेबलाशी बसला. टोपलीकडं पाहून म्हणाला, "तर... रेनाटे, यंदा मुकुट नको."

मी मुळात भांडकुदळ, त्यात हे. "का नको?" मी जवळजवळ ओरडलेच. "सगळी सुखरूप आहेत. एकूण एक. गेल्या वर्षी तुमची कालवड मेली होती आणि तुम्ही खोटं बोलून मुकुट घालायला निघाला होतात. आज खरं असताना नाही म्हणता? खाली उभे राहिलेले लोक काय म्हणतील? शंकरला शेवटचा उन्हाळाही जमला नाही, हेच ना?"  मामीनं मला थांबवलं नाही.

आलोईसनं सगळं ऐकून घेतलं. "गेल्या वर्षी मी चुकलो होतो, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मला त्यानंच शिकवलं. जितके वर गेले तितके खाली आले तर फुलं. यंदा किती वर गेले होते?"

"एकसष्ट," मी म्हटलं. "आणि एकसष्टच आहेत."

"माझ्या मोजणीत बासष्ट होते," आलोईस म्हणाला. "एक कमी आहे."

 मग मामी उठली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली, उभ्याउभ्या, पदर नसलेल्या बाया रडतात तशी हाताच्या पालथ्या मुठीत. डोळे पुसून तिनं टोपली उचलली आणि फुलं बाहेर डोणीच्या पाण्यात सोडली. आलोईस घंटा बांधायला गेला. मी त्याच्या मागं गेले आणि पट्टे धरून उभी राहिले, कारण माफी कशी मागायची ते मला सुचेना.

दहा वाजता आम्ही उतरलो. पुढं उघड्या डोक्याची कालवड, तिच्या शेजारी मामी, मागं उरलेल्या साठ घंटांचा गलका. गावाच्या वेशीवर एक सायकलवाला पर्यटक माझ्याबरोबर चालू लागला. मुकुट नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. "अरेरे, कुठलं जनावर गेलं का?" त्यानं हळहळून विचारलं.

"आमच्यातला एक वर राहिला," मी म्हटलं.